होमस्टेडर घराण्याचा इतिहास: आडनाव बाजूला ठेवा, आधी जमीन शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या सासूबाईंचं माहेर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या चेरी काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), होमस्टेडर, म्हणजे सरकारी जमिनीवर राहून-कसून ती मिळवणाऱ्यांचं. त्या आता ८२ वर्षांच्या आहेत. त्यांचे आजोबा १८८४ साली बोहेमियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) आले, सरकारने त्यांना तीन हजार एकर फुकट दिली, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा कागद घरात होता, आडनाव एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कला परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणी केंद्रात) बदललं आणि १९६०च्या सुमारास रँच विकली, एवढी गोष्ट घरात चालत आली आहे. हातात मातीच्या घरासमोर काढलेला एक फोटो आहे. नातवंडांसाठी पुस्तिका करायची आहे, पण वंशावळीच्या संकेतस्थळांवर आडनाव टाकून टाकून थकलात. सुरुवात कुठून करायची, आणि घरच्या गोष्टींवर किती विसंबायचं?

तुम्ही माणसाच्या नावामागे धावताय, ही यातली खरी अडचण. नाव त्या काळात कारकुनागणिक बदलत होतं. जमीन मात्र जागची हलत नाही, आणि अमेरिकेत सरकारी जमिनीची जवळजवळ सगळी कागदपत्रं जमिनीच्या वर्णनावरून लावलेली असतात. आपल्याकडे गट नंबर हाती आला की सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं एकामागून एक निघतात, तसंच तिथेही आहे. म्हणून पहिलं काम एकच: त्या रँचमधला निदान एक तुकडा नकाशावर नक्की करा.

तिथलं वर्णन वाचायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. सेक्शनचा पाव भाग १६० एकर, त्याचा पुन्हा पाव ४० एकर. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे १ ते ६ जातात, मग खालच्या ओळीत उलट पूर्वेकडे ७ ते १२, असं नांगराच्या तासासारखं वळत वळत आग्नेय कोपऱ्यात ३६ येतो. नेब्रास्कात टाउनशिप दक्षिण सीमेपासून उत्तरेकडे मोजतात आणि रेंज सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून. वर्णन शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं: ‘ईशान्य पावाचा नैर्ऋत्य पाव, सेक्शन १४’ म्हणजे आधी सेक्शन १४ घ्या, त्याचा ईशान्य पाव, मग त्यातला नैर्ऋत्य ४० एकरांचा तुकडा. एक अक्षर चुकलं की तुम्ही अर्धा मैल दूर, दुसऱ्याच कुटुंबाच्या जमिनीवर उभे राहता.

हे वर्णन मिळवायचा सोपा रस्ता शेवटाकडून आहे. रँच १९६०च्या सुमारास विकली म्हणता, तर तिचं खरेदीखत व्हॅलेंटाइन या काउंटीच्या मुख्य गावच्या कार्यालयात नोंदलेलं असणार. नेब्रास्कातल्या काउंट्यांमध्ये विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावांच्या सूचींबरोबर जमिनीच्या वर्णनावर लावलेली सूचीही ठेवतात. नावावरून ते एक खत काढा, त्यातले सगळे तुकडे कागदावर लिहा, आणि मग प्रत्येक तुकड्याचा जमीनवार सूचीतून मागे मागे माग काढत थेट सरकारी पेटंटपर्यंत जा. पेटंट म्हणजे सरकारने पहिल्या मालकाला दिलेलं हक्कपत्र.

पेटंट जमीन व्यवस्थापन विभागाच्या म्हणजे बीएलएमच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. तिथे नाव न टाकता फक्त राज्य, टाउनशिप, रेंज आणि सेक्शन टाका. शेजाऱ्यांसकट सगळे दिसतील. राष्ट्राध्यक्षांच्या सहीबद्दल सासूबाईंना हळुवारपणे सांगावं लागेल: १८३३ पासून या हक्कपत्रांवर राष्ट्राध्यक्षांच्या नावाने त्यांचा नेमलेला सचिव सही करत असे. कागद अस्सल, सही सचिवाची.

बरेच जण पेटंट छापून चौकटीत लावतात आणि तिथेच थांबतात. पेटंटवर नाव, वर्णन, तारीख आणि एक क्रमांक याहून फारसं काही नसतं. खरा ऐवज त्या क्रमांकामागच्या फायलीत असतो. १८६२च्या होमस्टेड कायद्यात १६० एकरांसाठी सगळं मिळून १८ डॉलर शुल्क होतं, पण त्या जमिनीवर पाच वर्षं राहून, घर बांधून, जमीन कसून ते साक्षीपुराव्याने सिद्ध करावं लागे. ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ इतकाच. सिद्ध करताना झालेले जबाब फायलीत असतात: घर कधी बांधलं, किती फूट बाय किती, छप्पर कशाचं, विहीर किती खोल, किती एकर गवताळ जमीन नांगरून मोडली, किती हंगाम पीक घेतलं, कुंपण किती, घरात माणसं किती, कधी किती दिवस बाहेर गेलात. अर्जदाराची साक्ष आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षी. वर्तमानपत्रात जी जाहीर नोटीस द्यावी लागे, तिच्यात चार साक्षीदारांची नावं असत, त्यातले दोघे प्रत्यक्ष जबाब देत.

फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत. १९०८च्या मध्यापर्यंतची प्रकरणं लँड ऑफिस (सरकारी जमिनीचं स्थानिक कार्यालय) आणि प्रमाणपत्र क्रमांकावर लावलेली आहेत, त्यानंतरची पेटंटच्या अनुक्रमांकावर. हा फरक लक्षात ठेवा, कारण तुमच्या घराण्यात दोन्ही प्रकार निघतील असं मला वाटतं. आजोबांची पहिली फाईल ‘व्हॅलेंटाइन लँड ऑफिस, अमुक क्रमांक’ अशी मागावी लागेल आणि नंतरची फक्त अनुक्रमांकाने. नेब्रास्काच्या पूर्ण झालेल्या होमस्टेड फायली डिजिटल झाल्या आहेत. त्यामुळे टपालाने मागवण्याआधी ऑनलाइन पाहा.

फाईल हाती आली की मी आधी साक्षीदारांची नावं वेगळी काढतो, जबाब नंतर वाचतो. साक्षीदार हे बहुतेकदा मेहुणे, साडू, एकाच गावातून आलेले लोक किंवा ज्याच्या साक्षीला आपण गेलो होतो तो शेजारी असतात. त्या चार नावांच्या फायली उघडल्यात तर सासूबाईंचे आजोबा तिथे साक्षीदार म्हणून सापडतील, आणि त्यांच्या स्वतःच्या फायलीत नसलेली माहिती तिथे मिळेल: ते अर्जदाराला कधीपासून ओळखतात, किती अंतरावर राहतात, कधी कधी तर आधी कुठल्या काउंटीत शेजारी होते तेही.

जबाब वाचताना एक सावधगिरी हवी. हे शपथेवरचं बोलणं आहे, पण जमीन मिळवण्यासाठी केलेलं. ‘सलग वास्तव्य’ ही अट असल्यामुळे बाहेर राहिलेले महिने कमी सांगितले जातात. हिवाळ्यात रेल्वेच्या कामावर किंवा मोठ्या रँचवर मजुरीला जाणं सर्रास होतं, आणि ते जबाबात ‘कामानिमित्त काही आठवडे’ असं येतं. घराचं आणि कुंपणाचं मूल्य थोडं चढं असतं. उलट घराची मापं, विहिरीची खोली, मुलांची संख्या यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण तिथे खोटं बोलून फायदा काहीच नव्हता. मोडलेल्या एकरांचा आकडा या दोन्हींच्या मधला. शेजाऱ्यांच्या जबाबाशी ताडून घ्या.

आता तीन हजार एकर. एका माणसाला एवढी जमीन देणारा कायदाच नव्हता. १८८०च्या दशकात एका माणसाला कायदेशीरपणे होमस्टेडचे १६०, प्रीएम्प्शनखाली एकरी १.२५ डॉलर रोख भरून घेतलेले १६० आणि झाडं लावण्याच्या अटीवर टिंबर क्लेमचे १६० असे फार तर ४८० एकर जमवता येत. टिंबर क्लेमच्या मूळ १८७३च्या कायद्यात ४० एकर झाडं लावायची होती, १८७८ मध्ये ती अट १० एकरांवर आली, आणि सँडहिल्सच्या, म्हणजे तिथल्या गवताळ वाळूच्या टेकड्यांच्या मुलखात तेवढीही जगवणं कठीण गेलं. प्रीएम्प्शन आणि टिंबर क्लेम दोन्ही १८९१ मध्ये बंद झाले. मग १९०४चा किंकेड कायदा आला. वायव्य नेब्रास्कातल्या ३७ काउंट्यांसाठी ६४० एकर, आणि ज्याची आधीची १६० एकर होती त्याला आणखी ४८०. एकरी १.२५ डॉलरच्या सुधारणा दाखवायच्या, म्हणजे पूर्ण सेक्शनला ८०० डॉलर.

तेव्हा तीन हजारांचा हिशेब लावायला घरातल्या प्रत्येकाची फाईल शोधा. अविवाहित बहीण २१ वर्षांची झाली की ती स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होती. विधवाही करू शकत होती. नवऱ्यासोबत राहणाऱ्या विवाहितेला मात्र अर्ज करता येत नसे, पण अर्ज केल्यावर लग्न झालं तरी अटी पूर्ण करून जमीन मिळवता येई. म्हणून आत्याबाईंच्या माहेरच्या नावाने शोधा. सासूबाईंना ‘आत्याचं घर कुठे होतं?’ एवढंच विचारा. उत्तर बहुधा ‘आमच्या कुंपणाला लागूनच’ असं येईल, आणि तिच्या नावाची फाईल निघेल. दोन बहिणभावांनी सीमेच्या दोन बाजूंना दोन खोल्या बांधून एकमेकांच्या सोबतीने राहणं, असंही फायलींत दिसतं. घरात ‘आजोबांची जमीन’ म्हणतात तिच्यातला मोठा वाटा बायकांनी थंडीवाऱ्यात पाच पाच वर्षं राहून मिळवलेला असू शकतो, आणि पुस्तिकेत तो त्यांच्या नावाने यायला हवा. यात कुठेही कसूर करू नका.

उरलेली जमीन विकत घेतलेली असणार. सँडहिल्समध्ये एका गाय-वासराला वर्षभर साधारण १५ ते २० एकर गवताळ रान लागतं. म्हणजे किंकेडच्या ६४० एकरांवर फार तर तीस-चाळीस गायी. त्यावर कुटुंब पोसणं कठीण, म्हणून बरेच किंकेडर अट पूर्ण झाल्यावर विकून गेले आणि राहिलेल्यांच्या रँच वाढल्या. १८९४च्या दुष्काळानंतरही असंच झालं होतं. जमीनवार सूचीत पेटंटनंतर दोन-चार महिन्यांतच विक्री दिसली तर थांबून पाहा. काही मोठ्या रँचवाल्यांनी बनावट अर्जदार उभे केले होते. स्पेड रँचचे बार्टलेट रिचर्ड्स आणि विल्यम कॉमस्टॉक यांना त्याबद्दल १९०६ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. सैनिकांच्या विधवांच्या नावाने दुरून केलेले अर्ज हा त्यातला ठरलेला मार्ग होता. तुमच्या घराण्यात असं काही निघालं तर ते लपवू नका, फक्त कागदात आहे तेवढंच लिहा.

आणखी एक शक्यता अनेकांच्या नजरेतून सुटते. प्रत्येक टाउनशिपमधले सेक्शन १६ आणि ३६ शाळांसाठी राखलेले होते, आणि राज्य ते भाड्याने देत असे. घरच्यांच्या तोंडी ‘आमचं रान’ म्हणून असलेला एखादा सेक्शन कधीच मालकीचा नसेल. तिथे पेटंट शोधत बसलात तर महिने जातील.

पेटंट न सापडण्याची बाकीची कारणं: अर्ज करून सोडून दिलेला हक्क, रेल्वेकडून घेतलेली जमीन (मग काउंटीतलं खरेदीखत बघायचं), किंवा नावाचं वेगळंच स्पेलिंग. सोडलेले अर्ज ट्रॅक्ट बुकात दिसतात. त्या सरकारच्या जमीनवार नोंदवह्या, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. एकाच ओळीत तीन-तीन माणसांची नावं खोडून चौथ्याचं लिहिलेलं असतं. खोडलेल्या अर्जाचीही फाईल असते, आणि माणूस का सोडून गेला याचं कारण कधी कधी त्यातच मिळतं.

नावाबद्दल. एलिस आयलंड १८९२ मध्ये उघडलं. १८८४ ला आलेल्या माणसाचं नाव तिथे बदलणं शक्यच नाही. न्यूयॉर्कला उतरला असेल तर कॅसल गार्डन या त्याआधीच्या केंद्रात, आणि बोहेमियन लोक बाल्टिमोरलाही बरेच उतरत. तिथेही अधिकारी नवं नाव देत नसत, जहाजावर चढताना युरोपात लिहिलेली यादीच तपासत. नाव बदललं ते नंतर, शाळेत, बँकेत, शेजाऱ्यांच्या तोंडी. चेक नावांचे ठरलेले इंग्रजी अवतार आहेत: फ्रांतिशेकचा फ्रँक झाला हे ओळखू येतं, पण व्हाक्लाव्हचा बहुधा जेम्स झाला आणि व्होयतेखचा अल्बर्ट, हे माहीत नसेल तर तुम्ही एकाच माणसाला दोन भाऊ समजाल. मूळ गाव हवं असेल तर नागरिकत्वाचे कागद बघा. परदेशी माणसाला होमस्टेडचा अर्ज करायला नागरिक होण्याचा इरादा जाहीर केल्याचा दाखला आणि शेवटी पूर्ण नागरिकत्व लागे, त्यामुळे त्याची नक्कल फायलीतच असते. त्यावर न्यायालयाचं नाव आणि तारीख असते. गावाचं नाव मात्र तिथे क्वचितच. ते चर्चच्या नोंदीत किंवा थडग्यावर मिळायची शक्यता जास्त.

शेताचा भाग इथे संपतो. रँचचा, म्हणजे जनावरांचा इतिहास वेगळ्या कागदांत आहे, आणि मला तो सगळ्यांत जिवंत वाटतो. नेब्रास्काच्या १८८५च्या राज्य जनगणनेत शेतीचं वेगळं पत्रक आहे: दुभत्या गायी किती, वर्षात वासरं किती झाली, किती विकली, किती मेली किंवा हरवली, लोणी किती पौंड, अंडी किती डझन. १८९०ची संघीय जनगणना बहुतेक नष्ट झाली आहे, त्यामुळे या पत्रकाचं मोल फार. लोणी आणि अंड्यांचे आकडे घरच्या बाईच्या कष्टाचे आहेत. किराणा त्यावरच चालत असे.

दुसरा कागद काउंटीतली जनावरं-अवजारांची गहाणखतं. सावकाराला जनावर ओळखता यावं म्हणून त्यात रंग, वय, डाग (तापल्या लोखंडाने दिलेली मालकाची खूण), कधी घोड्याचं नावही लिहिलेलं असतं. एखाद्या वर्षी सगळं गोठ्यासकट गहाण पडलेलं दिसलं तर वर्ष पाहा, तो दुष्काळाचा किंवा १८८६-८७च्या जीवघेण्या हिवाळ्याचा हिशेब असतो. तिसरी डागांची नोंदवही, आधी काउंटी क्लार्ककडे, पुढे राज्याकडे. डाग डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतात. आडवं पडलेलं अक्षर ‘लेझी’, खाली कमान असलेलं ‘रॉकिंग’. डागाबरोबर जागाही नोंदलेली असते, डावा पुठ्ठा, उजवी बरगडी अशी. पण डाग विकला-विकत घेतला जातो. तेव्हा दोन कुटुंबांचा डाग एक म्हणून नातं जोडू नका.

कुटुंबासाठी १९०० आणि १९१०च्या जनगणना जरूर बघा. त्यांत प्रत्येक विवाहितेपुढे किती मुलं झाली आणि किती हयात हे दोन आकडे आहेत. या दोन आकड्यांत फरक असेल तर ती मुलं दुसऱ्या कुठल्याच कागदावर नसण्याची शक्यता आहे. त्यांना पुस्तिकेत जागा द्या, नाव नसलं तरी. वाढलेल्या मुलांसाठी शाळा जिल्ह्याची दरवर्षीची गणना असते, पालकाच्या नावाखाली मुलांची नावं आणि वयं.

एक पान त्या जमिनीच्या आधीच्या माणसांसाठी ठेवा. १८६८च्या फोर्ट लॅरामी तहात नॉर्थ प्लॅटच्या उत्तरेला शिकार करण्याचा लाकोटा या मूळनिवासी लोकांचा हक्क मान्य केला होता. चेरी काउंटीची उत्तर सीमा आजही त्यांच्या पाइन रिज आणि रोझबड राखीव क्षेत्रांना भिडते. रेल्वे व्हॅलेंटाइनला १८८३ मध्ये पोचली आणि सासूबाईंचे आजोबा पुढच्याच वर्षी आले. ‘रिकामी जमीन’ असा शब्द पुस्तिकेत येऊ देऊ नका, ती नुकतीच रिकामी केलेली होती.

लिहिताना माझी पद्धत अशी: प्रत्येक तुकड्याला एक पान. वर नकाशा, खाली वर्षवार कोणाकडून कोणाकडे, कागद कुठला, आणि समासात घरची गोष्ट जशी सांगितली तशी, सांगणाऱ्याच्या नावासह. दोन्ही जुळत नसतील तर दोन्ही तशीच राहू द्या. गोष्ट खोडून कागद लिहिलात तर सासूबाईंचं मन दुखेल, आणि उद्या एखाद्या नव्या कागदाने गोष्टच खरी ठरली तर ती तोवर हरवलेली असेल.

आणि हे सगळं करण्याआधी, याच आठवड्यात, सासूबाईंचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. काउंटीतली वही पुढच्या वर्षीही तिथेच असेल. एका वेळी पाऊण तास पुरे, टाउनशिपचा नकाशा आणि तो फोटो समोर ठेवून. तारखा विचारू नका, वस्तू विचारा: पवनचक्की घरापासून कुठल्या बाजूला होती, गंजीचं गवत कुठल्या दरीतून यायचं, हिवाळ्यात चुलीला काय जाळायचे. झाडं नसलेल्या त्या मुलखात पहिल्या पिढीने रानशेण्या वेचून जाळल्या. आपल्याकडच्या बाईला हे विचारायला आणि समजायला वेळ लागणार नाही. फोटोतल्या भिंतीची जाडी खिडकीच्या खाचेवरून दिसते, साधारण दोन-तीन फूट, नांगराने काढलेल्या गवताळ मातीच्या पट्ट्यांची. खिडकी विकतची असे, म्हणून खिडक्या किती आहेत ते मोजा आणि फायलीतल्या घराच्या वर्णनाशी ताडा. जुळलं तर फोटो कुठल्या तुकड्यावरचा आहे हे कळेल. मागच्या बाजूला पेनाने काही लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा, आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करून एक प्रत सासूबाईंच्या भावंडांच्या घरीही पाठवा. त्यांच्याकडे त्याच दिवशी काढलेला दुसरा फोटो असू शकतो.